गुडघ्याचा घसारा

मावळ तालुक्यातील पवनानगरच्या परिसरात पीक निघाले आणि जत्रांचा हंगाम सुरू झाला, की गावोगाव कबड्डीची मैदाने आखली जातात. काले, येळसे, कोथुर्णे, शिवली, ब्राह्मणोली या बाजूची मुले दिवसभर तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत कंत्राटी पाळी करून संध्याकाळी मैदानावर उतरतात. चुन्याच्या रेषा, दिव्यांच्या माळा, एखाद्या पुढाऱ्याच्या किंवा जमीन-व्यावसायिकाच्या वाढदिवसाचा भव्य फलक आणि त्याखाली रोख बक्षिसाची रक्कम, असा एकंदर थाट असतो. येथून तास-दीड तासाच्या अंतरावर बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी जनतेच्या पैशाने उभारलेल्या त्या संकुलात आज तोच खेळ गादीवर, झगमगाटात आणि कोट्यवधींच्या बोलीवर खेळला जातो. मातीवरच्या मुलाला बालेवाडीचे स्वप्न पडावे यात गैर काही नाही. परंतु त्या स्वप्नाचा हिशेब त्याला कोणी मांडून दाखवला आहे काय, हा प्रश्न आम्ही या लेखात उपस्थित करू इच्छितो.

आमच्या काही मित्रांना हा विषय साप्ताहिकाच्या या पानावर अस्थानी वाटेल. खेळ म्हणजे करमणूक आणि करमणूक म्हणजे मूळ प्रश्नांपासून लोकांचे लक्ष उडवण्याचे साधन, अशी एक समजूत आपल्यात आहे. ही समजूत अपुरी आहे. जेथे एक मनुष्य आपले शरीर विशिष्ट काळापुरते दुसऱ्याच्या स्वाधीन करतो, त्या शरीराच्या श्रमातून विकाऊ वस्तू निर्माण होते आणि त्या वस्तूच्या विक्रीचा नफा तिसरा कोणी घेतो, तेथे श्रमाचा प्रश्न आहेच. ती वस्तू कापड असो, मोटारीचा सुटा भाग असो किंवा दूरचित्रवाणीवरील चाळीस मिनिटांचा सामना असो, त्याने अर्थशास्त्राच्या दृष्टीने फरक पडत नाही.

बचावपटूचे काम

कबड्डीत लोकांचे डोळे चढाई करणाऱ्यावर असतात. तो एकटा जातो, गडी बाद करतो, परततो, आणि टाळ्या त्याला मिळतात. परंतु खेळाचा भार ज्याच्यावर असतो तो बचावपटू, म्हणजे पकड करणारा गडी. तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद मैदानाच्या अर्ध्या भागात सात जण उभे असतात. दोन टोकांना डावा आणि उजवा कोपरारक्षक, त्यांच्या आत मध्यरक्षक, आणि सर्वांना जोडणारी हातांची साखळी. चढाई करणाऱ्याजवळ तीस सेकंद असतात. त्या तीस सेकंदांत कोपरारक्षकाने वाकून, त्याच्या पायाच्या हालचालीवर नजर खिळवून, योग्य त्याच क्षणी घोट्यावर झडप घालायची असते. क्षणभर आधी झडप घातली तर तो स्वतः बाद, क्षणभर उशीर झाला तर गुण गेला. साथीदार वेळेवर धावून आले नाहीत तर धावत्या माणसाचे सारे वजन त्याच्या खांद्यावर आणि गुडघ्यावर येते. मैदानात तीन किंवा त्यांहून कमी गडी उरले असताना यशस्वी पकड केली तर एक जादा गुण मिळतो. म्हणजे संघ जितका दुबळा, तितके पकड करणाऱ्याच्या साहसाचे मोल अधिक, आणि धोकाही अधिक.

पकड एकट्याने होत नाही. चढाई ही बहुतांशी व्यक्तीची कर्तबगारी असते. पकड हे सामूहिक श्रमाचे फळ असते. २०१५ साली यू मुंबा संघाने प्रो कबड्डी लीगचे अजिंक्यपद मिळवले. त्या विजयामागे सुरेंदर नाडा व मोहित छिल्लर हे दोन कोपरे आणि जीवा कुमार व आपला विशाल माने हे दोन मध्यरक्षक, अशी चौकडी होती. डाव्या कोपऱ्यातून घोट्याची पकड घेणारा महाराष्ट्राचा गिरीश इर्नाक २०१८ मध्ये पुणेरी पलटणचा कर्णधार होता आणि त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघातून खेळला. १९९० पासून सलग सात वेळा सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारताच्या पुरुष संघाला त्या स्पर्धेत इराणने उपांत्य फेरीत हरवले. तो विजय इराणच्या बचावफळीचा होता, हे ज्यांनी तो सामना पाहिला त्यांना सांगावयास नको.

गिरणीच्या पाळीपासून लिलावापर्यंत

हुतूतूचे कबड्डी होत असता या खेळाला महाराष्ट्रात ज्यांनी आश्रय दिला, ते श्रीमंत नव्हते. लालबाग, परळ, नायगाव, प्रभादेवी या गिरणगावच्या वस्त्यांतील मंडळांनी आणि व्यायामशाळांनी हा खेळ जोपासला. बुवा साळवींसारख्या संघटकांनी त्याला नियम, शिस्त आणि देशव्यापी चौकट मिळवून दिली. साहित्य लागत नाही, पैसा लागत नाही, चाळीमागची मोकळी जागा पुरते, म्हणून तो कामकऱ्यांचा खेळ झाला. चांगल्या खेळाडूला गिरणी, रेल्वे, बँक, पोलीस, तेलकंपनी अशा ठिकाणी नोकरी मिळे. ती नोकरी खेळाच्या जोरावर मिळे, पण खेळ संपल्यावर जात नसे. गुडघा निकामी झाला तरी हजेरीपटावरचे नाव, भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन शाबूत राही. अनेक खेळाडू तिसाव्या-बत्तिसाव्या वर्षी मैदान सोडून अठ्ठावनाव्या वर्षापर्यंत त्याच कचेरीत काम करीत राहिले.

ही व्यवस्था आदर्श होती असे आम्ही म्हणत नाही. तिच्यात वशिला होता, स्त्री-खेळाडूंच्या वाट्याला फार थोडे येई, आणि नोकरी देणारे साहेब स्वतःला उपकारकर्ते समजत. तरीही तिच्यात एक तत्त्व अंतर्भूत होते. शरीराची झीज ज्याच्या लाभासाठी झाली, त्याने त्या झिजेची दीर्घकालीन जबाबदारी घ्यावी, हे ते तत्त्व होय. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगाव विस्कटले. मंडळांच्या जागा इमारतींनी व्यापल्या. १९९१ नंतर सार्वजनिक क्षेत्रातील भरती आटत गेली. नोकरीची ती वाट अरुंद झाली, आणि मग २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीगचा पडदा उघडला.

या लीगने खेळाडूला पैसा आणि प्रतिष्ठा दिली हे मान्य केलेच पाहिजे. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारवर लागली, ती १२ लाख ८० हजार रुपयांची होती. २०१८ मध्ये इराणचा बचावपटू फजल अत्राचली याच्यासाठी यू मुंबाने एक कोटी मोजले. लीगच्या इतिहासात सर्वाधिक पकडगुण ज्याच्या नावावर आहेत, तो हाच खेळाडू. २०२२ मध्ये पुणेरी पलटणने त्याला १ कोटी ३८ लाखांना घेतले. पुढे २०२३ च्या लिलावात पलटणनेच मोहम्मदरेझा शादलुई या दुसऱ्या इराणी पकडपटूवर २ कोटी ३५ लाख रुपये लावले, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली प्रथमच अजिंक्यपद पटकावले. पुणे जिल्ह्यातील मुलांना त्या रात्री आनंद झाला. तो निर्भेळ आनंद होता, आणि त्याची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

हिशेबाची दुसरी बाजू

परंतु बोलीचे आकडे हा हिशेबाचा एकच रकाना झाला. दुसरा रकाना पाहू. २०२१ मध्ये या लीगच्या प्रक्षेपणाचे हक्क पाच वर्षांसाठी ९०८ कोटी रुपयांना गेले. ते घेणारी प्रक्षेपण कंपनी हीच लीग चालवणाऱ्या कंपनीतील मोठी भागधारक होती, म्हणजे विकणारा आणि विकत घेणारा एकाच घरातले. या रकमेची दरवर्षीची सरासरी १८१ कोटींवर जाते. जाहिरातदारांचे पैसे आणि तिकिटे त्यापासून निराळी. आता खेळाडूंकडे वळू. २०२३ पासून प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करण्यासाठी ५ कोटी रुपयांची मर्यादा आहे. संघ १२. म्हणजे साऱ्या खेळाडूंच्या वाट्याला मिळून येणारी कमाल रक्कम ६० कोटींच्या आसपास येते. केवळ प्रक्षेपणाच्या रकमेशी तुलना केली तरी हा वाटा एक तृतीयांश भरतो. सर्व उत्पन्नाशी केली तर त्याहूनही कमी भरेल.

या ६० कोटींचे वाटपही पाहण्यासारखे आहे. एका संघात किमान १८ खेळाडू लागतात. एकावर २ कोटी ३५ लाख खर्च झाले की ५ कोटींपैकी जवळजवळ निम्मी रक्कम संपते आणि उरलेल्या २ कोटी ६५ लाखांत निदान सतरा जणांची सोय लावावी लागते. त्या लिलावात सर्वांत खालच्या गटाची मूळ किंमत ९ लाख रुपये होती. मावळातील कंत्राटी कामगाराच्या मुलाला ९ लाख ही लहान रक्कम वाटणार नाही, आणि ती लहान आहे असे आमचेही म्हणणे नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. ती एका हंगामाची रक्कम आहे. पुढच्या हंगामात त्याच्यावर बोली लागेल की नाही, हे त्याच्या गुडघ्यावर आणि मालकाच्या मर्जीवर अवलंबून आहे.

लिलाव म्हटला की खुल्या स्पर्धेचे चित्र डोळ्यांपुढे येते. ते फसवे आहे. विकणारे शेकडो आणि विकत घेणारे बारा; त्या बाराजणांनी आधीच एकत्र बसून खर्चाची मर्यादा ठरवलेली. या मर्यादेच्या वर कोणी जाऊ शकत नाही. याच श्रेणीची दुसरी लीग देशात नाही, त्यामुळे खेळाडूला नकार देऊन अन्यत्र जाण्याची सोय नाही. कोणत्या शहरासाठी खेळायचे, कोणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली शिकायचे, हेही त्याच्या हाती नाही. विक्रेत्यांची मक्तेदारी आपण ओळखतो, कारण ती आपल्या खिशाला झळ लावते. श्रमाच्या बाजारात खरेदीदारांची मक्तेदारी असते, तिची झळ श्रमिकाला लागते आणि प्रेक्षकाला ती दिसत नाही.

संघमालक म्हणतील की संघ चालवणे तोट्याचे आहे. असेलही. परंतु ज्या धंद्याचे ताळेबंद खेळाडूंसमोर ठेवले जात नाहीत, त्या धंद्याच्या तोट्याचा भार खेळाडूने विश्वासावर का वाहावा? तोटा असेल तर तो दाखवावा. नफा असेल तर तो वाटावा.

आणि येथे आपण मूळ मुद्द्याशी येतो. कारखानदार यंत्र विकत घेतो तेव्हा दरवर्षी त्याचा घसारा हिशेबात धरतो. यंत्र झिजणार हे त्याला ठाऊक असते, आणि त्या झिजेची भरपाई तो उत्पादनाच्या किमतीतून वसूल करतो. कायदा आणि करव्यवस्था त्याला मान्यता देतात. बचावपटूचा गुडघा हेही उत्पादनाचे साधन आहे. तोही झिजतो, किंबहुना यंत्राहून लवकर झिजतो. त्याचा घसारा मात्र कोणाच्याच खातेवहीत नाही. २०२२ मध्ये पवन सेहरावत हा लीगमधील सर्वांत महागडा खेळाडू होता. तमिळ थलैवाजने त्याच्यासाठी २ कोटी २६ लाख दिले होते. चढाईत अव्वल असलेला हा खेळाडू पहिल्याच सामन्यात पकड करावयास गेला, त्याचा गुडघा दुखावला आणि त्याचा संपूर्ण हंगाम वाया गेला. तो नामवंत होता. उपचार झाले, परतला, आणि पुढच्याच लिलावात २ कोटी ६० लाखांवर गेला. ९ लाखांच्या गटातला मुलगा जायबंदी झाला तर त्याच्या जागी नऊ लाखांचाच दुसरा मुलगा उभा असतो. आणि मातीवर, वाढदिवसाच्या फलकाखाली खेळणाऱ्या मुलाला तर बोली नाही, विमा नाही, वैद्यही नाही. त्याचा खांदा निखळला की शनिवारचा सामना रविवारी विसरला जातो, आणि सोमवारी कारखान्याच्या फाटकावर ठेकेदार त्याला दुसरा माणूस आणावयास सांगतो.

अमेरिकेतील बचावपटूचा धडा

ज्या देशाला भांडवलशाहीचे माहेरघर समजतात, तेथील अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. अमेरिकन फुटबॉल हा अंगावर धावून जाण्याचा, पाडण्याचा आणि आडवण्याचा खेळ आहे. तेथील बचावपटू आपल्या पकडपटूचा दूरचा भाऊ शोभावा असा असतो. नॅशनल फुटबॉल लीगच्या खेळाडूंनी १९५६ मध्ये आपली संघटना उभारली. १९८२ साली, मुंबईचे गिरणी कामगार संपावर होते त्याच वर्षी, तेथील खेळाडूंनी ५७ दिवसांचा संप केला. लीगच्या एकूण उत्पन्नातील ठराविक टक्के हिस्सा खेळाडूंचा असावा, ही त्यांची मागणी होती. १९८७ मध्ये ते पुन्हा संपावर गेले. मालकांनी बदली खेळाडू उतरवून सामने चालू ठेवले आणि २४ दिवसांनी संप मोडला. मैदानावरचा लढा हरल्यावर संघटना न्यायालयात गेली.

त्या न्यायालयीन लढ्यात ज्या खेळाडूचे नाव दाव्यावर होते, तो रेगी व्हाइट हा बचावपटू होता. १९८५ ते १९९२ अशी आठ वर्षे तो फिलाडेल्फियाच्या संघाकडून खेळला. करार संपल्यावरही खेळाडूला आपल्या इच्छेने दुसऱ्या संघाकडे जाता येत नसे, आणि या बंधनालाच दाव्यात आव्हान दिले होते. १९९३ मध्ये तडजोड झाली, करारमुक्त खेळाडूला संघ निवडण्याचा अधिकार मिळाला, आणि व्हाइट चार वर्षांच्या १ कोटी ७० लाख डॉलरच्या करारावर ग्रीन बे या लहानशा नगरातील संघाकडे गेला. हा संघ कोण्या एका धनिकाच्या मालकीचा नाही. १९२३ पासून तो सामान्य भागधारकांचा आहे, त्याला लाभांश वाटता येत नाही, आणि आज त्याचे भागधारक पाच लाखांहून अधिक आहेत. खासगी मालकीवाचून अव्वल दर्जाचा खेळ चालू शकत नाही असे जे सांगतात, त्यांना हे उदाहरण पुरेसे आहे. १९९७ च्या जानेवारीत व्हाइटसह या नगराच्या संघाने अजिंक्यपद जिंकले.

त्या लढ्यातून आज काय उरले आहे? तेथील लीगचे उत्पन्न वर्षाकाठी दोन हजार कोटी डॉलरहून अधिक आहे, आणि २०२० च्या सामूहिक करारानुसार त्यातील निदान ४८ टक्के वाटा खेळाडूंचा आहे. तो मालकांच्या औदार्याने मिळालेला नाही. हरलेल्या संपांतूनही संघटना टिकून राहिली, म्हणून तो मिळाला.

त्याच देशाचा दुसरा धडा अधिक कठोर आहे. १९८५ च्या हंगामात अजिंक्य ठरलेल्या शिकागो संघातील बचावपटू डेव्ह ड्युअर्सन याने २०११ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी आत्महत्या केली. आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा, असे तो लिहून गेला होता. वर्षानुवर्षे डोक्यावर बसलेल्या आघातांनी तो मेंदू विकारग्रस्त झाल्याचे तपासणीत आढळले. हजारो माजी खेळाडूंनी दावे केले, २०१५ मध्ये न्यायालयाने समझोत्यास मान्यता दिली, आणि लीगला आजवर शंभर कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यावी लागली आहे. संघटना बळकट असतानाही शरीराच्या झिजेचे सत्य बाहेर यावयास दशके लागली. जेथे संघटनाच नाही, तेथे ते कधी बाहेर येईल?

आपल्याकडे काय आहे

आपल्याकडे २०१९ मध्ये क्रिकेटपटूंची संघटना स्थापन झाली, पण ती निवृत्त खेळाडूंपुरती आहे. मालकांसमोर बसून सामूहिक करार करील अशी कबड्डीपटूंची संघटना आज उभी नाही. खेळाच्या राष्ट्रीय महासंघाकडे पाहावे तर तो एका कुटुंबाच्या हाती गेल्यामुळे २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला तेथे प्रशासक बसवावा लागला आणि ती व्यवस्था २०२५ पर्यंत चालली. महाराष्ट्रात खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. परंतु जेथे मूळ भरतीच रखडते, तेथे रिकाम्या कणगीतील पाच टक्के धान्याने कोणाचे पोट भरणार?

स्त्रियांची स्थिती याहून बिकट आहे. ज्या पुण्याने शकुंतला खटावकरांसारखी अर्जुन पुरस्कार मिळवणारी खेळाडू दिली, त्या पुण्यातील मुलींना आज लीगच नाही. २०१६ मध्ये तीन संघांची एक लहानशी स्पर्धा पुरुषांच्या हंगामाला जोडून झाली आणि तेथेच थांबली. २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी तैपेई संघाला २६-२५ असे हरवून सुवर्णपदक आणले. पदकाच्या वेळी त्या देशाच्या कन्या असतात. बाजार भरतो तेव्हा त्यांना तेथे जागा नसते.

पवना खोऱ्यातील वाचकांना या साऱ्यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. १९७२ मध्ये पवना धरण पूर्ण झाले. शेतकऱ्यांची जमीन एकदाच गेली, आणि तिच्या मोबदल्यात जे ठरले तेही सर्वांच्या पदरात पडले नाही. पुनर्वसनाच्या प्रतीक्षेत शेकडो खातेदारांच्या दोन पिढ्या सरल्या. पाणी मात्र दरवर्षी पिंपरी-चिंचवडकडे वाहत राहिले आणि त्यावर कारखाने व वसाहती उभ्या राहिल्या. बंद जलवाहिनीच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती महामार्गावर शेतकरी उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघांचे प्राण गेले. जे कायमचे उत्पन्न देणार आहे ते एकरकमी किमतीत घ्यायचे, आणि देणाऱ्याच्या पुढील आयुष्याशी संबंध तोडायचा, ही त्या व्यवहाराची रीत होती. खेळाडूच्या शरीराशी चाललेला व्यवहार त्याच रीतीचा आहे. धरणग्रस्ताच्या नातवाने दुसऱ्यांदा त्याच अटींवर सही करू नये, एवढीच आमची इच्छा आहे.

करावयाचे काम

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. लीगच्या एकूण उत्पन्नातील निश्चित टक्के वाटा खेळाडूंचा असावा आणि त्याचा ताळेबंद दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. प्रत्येक करारबद्ध खेळाडूचा भविष्यनिर्वाह निधी असावा. हंगामात झालेल्या दुखापतीचा उपचार हंगाम संपल्यावरही, खेळाडू बरा होईपर्यंत, संघाच्या खर्चाने व्हावा; कारकीर्द संपवणाऱ्या दुखापतीसाठी वेगळी भरपाई असावी. ठराविक हंगामांनंतर खेळाडूला लिलावाबाहेर स्वतःचा संघ निवडता यावा. स्त्रियांची लीग सुरू व्हावी. आणि शासनाने प्रत्येक तालुक्यात गादीचे एक मैदान व खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार करणारा प्रशिक्षित माणूस ग्रामीण रुग्णालयात द्यावा.

मागण्या छापून होत नाहीत, हे या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. कामगार संघटनेच्या नोंदणीसाठी कायद्याने किमान सात जणांचा अर्ज लागतो. कबड्डीच्या मैदानावरही सातच जण उतरतात. त्या क्षेत्रातील दहा टक्के किंवा शंभर कामगार सभासद असावेत ही पुढची अट आहे, आणि बारा संघांच्या खेळाडूंना ती पूर्ण करणे अवघड नाही. खेळाडू हा कायद्याच्या अर्थाने कामगार आहे की नाही, असा वाद मालकपक्ष घालील. तो वाद घालू द्यावा. वाद सुरू झाला म्हणजे प्रश्न मांडला गेला असे होते. गिरणीतील बदली कामगार हा कामगारच नव्हे, असेही एकेकाळी सांगितले जात असे.

तोवर स्थानिक पातळीवर जे शक्य आहे ते कार्यकर्त्यांनी हाती घ्यावे. आपापल्या गावातील मंडळांत जावे. खेळणाऱ्या मुला-मुलींची आणि जायबंदी होऊन घरी बसलेल्यांची यादी करावी. गावातील स्पर्धेच्या संयोजकांकडे एकच आग्रह धरावा: बक्षिसाच्या रकमेआधी खेळाडूंचा अपघात विमा, आणि मैदानाजवळ प्रथमोपचाराची सोय. जो दाता फलकासाठी हजारो रुपये खर्च करतो, त्याला विम्याचा हप्ता जड नाही. ग्रामसभेत हा ठराव मांडता येतो. पवनानगरच्या बाजारपेठेत पाच-सहा गावांची मंडळे एकत्र बसली तर हा नियम साऱ्या खोऱ्यात एका हंगामात लागू होऊ शकतो. त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही.

हे काम करताना उपदेशकाचा आव आणू नये. मुलाला खेळू नकोस असे सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही. ज्या समाजाने त्याला जमीन ठेवली नाही आणि कायम नोकरी दिली नाही, त्या समाजात खेळ ही त्याने शोधलेली प्रतिष्ठेची वाट आहे. त्याने खेळावे, जिंकावे, बालेवाडीला जावे. जाताना आपल्या गुडघ्याची किंमत काय आणि तिचा हिशेब कोण ठेवणार, हे विचारण्याचे बळ त्याच्यापाशी असावे. पकड एकट्याने होत नाही, हे त्याला आपण शिकवण्याची गरज नाही. ते तो रोज संध्याकाळी साखळीत उभा राहून शिकतोच आहे. मैदानावरची ती साखळी मैदानाबाहेर आणण्यास आपण त्याला साहाय्य करावयाचे आहे.